दिघीहून खोल समुद्रात

५ एप्रिल, रविवार. सकाळ.

ठरलं. सोसायटीतल्या दहावी झालेल्या मुलांना मासेमारीला न्यायचं. खोल समुद्रात, स्वतंत्र बोट करून. किनाऱ्यावर पॅन्ट दुमडून फोटो काढणं नाही, ते कुणीही करतं.

कारण तसं घरगुती आहे. दिव्याची दहावी झाली. जूनमध्ये ती लातूरला जाणार, माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णासाहेबांकडे राहून डॉक्टरकीचा क्लास करणार. माणसं लातूरहून पिंपरीला येतात, माझी मुलगी पिंपरीहून लातूरला चालली. याला म्हणतात प्रगतीचा रिव्हर्स गिअर. हे मी कंपनीत सगळ्यांना सांगितलंय. अजून कुणी हसलेलं नाही. अण्णांनी तिकडची खोली रंगवून घेतलीसुद्धा.

तर जाण्याआधी पोरीच्या कायम लक्षात राहील असं काहीतरी बापाने करायला हवं. गेल्या वर्षात तिने माझ्याशी केलेलं सर्वात मोठं संभाषण म्हणजे 'पप्पा, चार्जर सोडा'.

समुद्राचा अनुभव: अलिबाग, एकदा, कंपनीची पिकनिक. गुडघ्यापर्यंत. पण चाकणला गिअरचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. प्लॅनिंग ते प्लॅनिंग. लोखंड काय, मासा काय.

बायकोला, रुपालीला, सांगितलं. ती कणीक मळत होती. मळत राहिली. म्हणजे होकार.

८ एप्रिल, बुधवार.

टीम जाहीर. दिव्या. तिची बालवाडीपासूनची मैत्रीण रश्मी. रश्मीचे वडील धम्मरत्न सोबत येणार. तो आमच्याच तिसऱ्या मजल्यावर राहतो, बँकेत आहे, माझा मित्र आहे, स्वभावाने जरा सावध. पहिल्या मजल्यावरच्या कुसुमताईंचा नातू समर्थ. आणि समोरच्या विंगमधला गणराज, जो सदैव काहीतरी खात असतो.

मोहीमप्रमुख: मी.

गणराजने विचारलं, काका, तुम्हाला मासे पकडता येतात का. मी म्हणालो, येतात का हा प्रश्नच नाही, सिस्टिम आहे का हा प्रश्न आहे. मुलं गप्प झाली. प्रभाव पडला.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव दिलं 'मिशन खोल समुद्र'. तासाभरात मुलांनी बदलून 'काका डुबणार' केलं. मी परत बदललं. त्यांनी परत. आता तसंच ठेवलंय. लीडरने किरकोळ गोष्टींत लक्ष घालायचं नसतं.

९ एप्रिल, गुरुवार. सुट्टी.

फिशिंग रॉड आला. रीळ, गळ, शिसं, सगळं एका बॉक्समध्ये. गच्चीवर फेकण्याचा सराव घेतला. आधी मी करून दाखवलं.

पहिली फेक, पाण्याच्या टाकीला. दुसरी, डिशच्या वायरला. एका विंगचे टीव्ही गेले. तिसरी मात्र अप्रतिम. लांब, मोकळी, हवेत शीळ घालत. कुसुमताईंच्या वाळत घातलेल्या साडीत.

रीळ गुंडाळायला लागलो तशी साडी वर यायला लागली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमताई गॅलरीत आल्या तोवर साडी तिसऱ्या मजल्याशी होती. त्या म्हणाल्या, साहेबराव, साडी खाली सोडा आणि मग तुम्हीही खाली या. गेलो. बरंच ऐकून घेतलं. त्या मूळच्या गुहागरच्या, त्यामुळे समुद्राबद्दलही बोलल्या, पण मला वाटतं मुख्य विषय साडीच होता.

तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर माझा पहिला कॅच.

वर येताना जिन्यात दिव्या थांबली होती. म्हणाली, पप्पा, एक बोलायचं होतं. मी म्हणालो, कुसुमताईंचं मनाला लावून घेऊ नकोस, मी नाही घेतलं. ती म्हणाली, बरं. किती दिवसांनी बाप-लेक असे मोकळेपणाने बोललो.

१४ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

जयंतीनिमित्त धम्मरत्नकडे जेवण. त्याचे वडील संत तुकाराम नगरहून आले होते. त्यांनी विचारलं, बोट उलटली तर काय करणार. मी कंटिजन्सी प्लॅन समजावून सांगितला, ए आणि बी. ऐकून त्यांनी मला अजून खीर वाढली आणि रश्मीला जवळ बसवून घेतलं.

धम्मरत्नने हात धुताना हळूच विचारलं, दिव्याशी नीट बोललास का एकदा. मी म्हणालो, सगळं बोललोय, गळाचे नंबरसुद्धा सांगितलेत. तो म्हणाला, ते नाही रे. मग काय, विचारलं, तर म्हणाला, जाऊ दे, तिचं तीच सांगेल. बँकेतली माणसं प्रत्येक गोष्ट दुसऱ्या काउंटरवर पाठवतात.

१६ एप्रिल, गुरुवार. सुट्टी.

बोट लागण्याबद्दल शास्त्रीय माहिती वाचली. सवय केली की होत नाही. सोसायटीच्या बागेतल्या झोपाळ्यावर सवय करायला बसलो. सुरुवातीचा परफॉर्मन्स समाधानकारक. मग गणराज म्हणाला, काका, मी झोका देतो. तो दणकट आहे.

नंतर थोडा वेळ बाकावर आडवा होतो. ऊन फार आहे यंदा.

एक लहान मुलगी येऊन म्हणाली, आजोबा, तुमचं झालं असेल तर मी बसू का. आजोबा. केस रंगवायला झालेत.

१९ एप्रिल, रविवार.

बोट मिळाली. मोबाइलवर व्हिडिओ बघताना सापडली. कोकणात खंडू म्हणून एक तांडेल आहे, म्हणजे बोट चालवणारा. पाहुण्यांना गळाने मासे धरायला घेऊन जातो. फोन लावला. त्याच्याकडे वारा फार होता, अर्धं ऐकू आलं नाही, पण माणूस प्रेमळ.

त्याने विचारलं, कुठून बसणार. मी म्हणालो, दिघी. तर केवढा खूश झाला. म्हणाला, दिघी तर आपलीच, मी दिघीतच राहतो. पहाटे पाचला तयार असतो, भरती साधून निघू.

मी थक्क. कोकणातला तांडेल, आणि राहायला आपल्या दिघीत. भोसरीच्या शेजारी. याला म्हणतात योग. पाचला दारात येणार आणि इथून थेट समुद्र. पिकअपसुद्धा त्याचाच. उगाच गाडी ठरवायची कटकट वाचली.

धम्मरत्नने शंका काढली. तो इथे राहतो तर बोट कुठे ठेवतो. मी म्हणालो, बोट बोटीच्या जागी. रिक्षावाला रिक्षा हॉलमध्ये लावतो का. तो म्हणाला, एकदा नीट विचारून घे राव. मी म्हणालो, भावा, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायला शीक.

अण्णांना लातूरला फोन करून बातमी दिली. ते काहीतरी सांगत होते, पण मला भरती-ओहोटीचं सांगायचं होतं.

२१ एप्रिल, मंगळवार.

तारीख: १ मे. कंपनी बंद. खंडूला कळवलं.

२२ एप्रिल, बुधवार.

तारीख बदलली. १ मेला बुद्ध पौर्णिमा. धम्मरत्न म्हणाला, कॅलेंडर तुझ्या डोक्यामागच्याच भिंतीवर आहे. आता ७ मे, गुरुवार, आमची साप्ताहिक सुट्टी. खंडू म्हणाला, हरकत नाही, दिघीतच आहे मी.

२६ एप्रिल, रविवार.

मुलांना क्लब हाउसमध्ये प्रेझेंटेशन दिलं. स्लाइड्स: मासा म्हणजे काय. आपण कोण. आपलं आणि माशाचं नातं. स्लाइड चालू असताना समर्थ झोपला. रश्मीने विचारलं, काका, आपण जिथे जातोय त्या जागेचं नाव काय. मी म्हणालो, समुद्राला पत्ता नसतो. स्वतःलाच आवडलं ते. पुढच्या वेळी स्लाइडवर घेईन.

मग लाइफ जॅकेटची मापं घेतली. दिव्याचं घेताना ती हळू आवाजात म्हणाली, पप्पा, मला लातूरचं थोडं बोलायचंय. मी म्हणालो, काळजी करू नको, तिकडे तुला जॅकेट लागणार नाही, तिकडे पाणीच नाही. गणराज हसला. ती नाही हसली. साहजिक आहे. घर सुटायचं म्हणजे पोरगी हळवी होणारच. म्हणून तर ही ट्रिप.

रुपाली संध्याकाळी म्हणाली, अहो, तिला बोलू द्या की जरा. मी म्हणालो, समुद्रावर भरपूर वेळ आहे. तिथे नेटवर्क नसतं, तिला बोलावंच लागेल. रुपाली म्हणाली, ते मात्र खरं.

४ मे, सोमवार.

कंपनीत ओव्हरटाइम सांगत होते गुरुवारचा. स्पष्ट नाही म्हणालो. कारण विचारलं तर म्हणालो, खोल समुद्रात आहे. मॅनेजर बराच वेळ बघत राहिला. आदराने.

६ मे, बुधवार. संध्याकाळ.

उद्या मोहीम. आमिष म्हणून पिंपरीच्या बाजारातून ताजी कोळंबी आणली. डब्यात भरून फ्रिजमध्ये.

बॅगा भरल्या. मुलांची शेवटची मीटिंग घेतली. शिस्त, धैर्य, टोपी.

जेवायला रुपालीने कोळंबीचं कालवण केलं होतं. असं कालवण तिने लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असेल. दोनदा घेतलं. तिला म्हणालोसुद्धा, तुझ्या हाताला आज काहीतरी झालंय.

आमिष सापडत नाही.

सापडलं. म्हणजे, उलगडा झाला. कुणाला काही बोललो नाही.

७ मे, गुरुवार. पहाट.

सगळे गेटवर. रुपालीही येते म्हणाली, पुऱ्या आणि चटणी घेऊन. कुसुमताई समर्थला पोचवायला खाली आल्या आणि त्याला पाण्यात हात घालू नको म्हणाल्या.

पाच वाजता खंडूचा फोन. म्हणाला, आलोय. मी म्हणालो, आम्हीही आलोय. म्हणाला, दिसत नाही. मी हात हलवला. त्यालाही हलवायला सांगितलं. बराच वेळ दोघं हात हलवत होतो.

म्हणाला, पाण्यापाशी या. सगळं सामान उचलून पाण्याच्या टाकीपाशी गेलो. म्हणालो, आलो. म्हणाला, समोर तटाची भिंत दिसते का. समोर मिलिटरीची भिंत होती. म्हणालो, दिसते. म्हणाला, तिच्या डाव्या अंगाला बघा, मी तिथेच आहे. डाव्या अंगाला पाणीपुरीची बंद गाडी होती, ताडपत्री टाकलेली. मी ताडपत्री उचलून पाहिली.

मग रश्मीने माझ्या हातातून फोन घेतला आणि खंडूला विचारलं, काका, तुमचा तालुका कोणता.

श्रीवर्धन.

तर कोकणात एक दिघी आहे. रायगड जिल्ह्यात, खाडीच्या तोंडावर. तिथून जंजिरा दिसतो. खंडू तिथे जेट्टीवर उभा होता आणि आम्ही इथे, त्याच्यापासून एक अख्खा सह्याद्री अलीकडे.

मुलं रस्त्यावर बसली. हसून हसून. समर्थ आडवा झाला. दिव्या रश्मीच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला असं हसताना मी कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं. त्या अर्थाने मोहीम वेळेवर सुरू झाली असं म्हणता येईल.

धम्मरत्न काही बोलला नाही. हे त्याचं फार वाईट आहे.

कारणमीमांसा: एका नावाची दोन गावं. मोहीमप्रमुखाच्या नियंत्रणाबाहेर.

तोच दिवस, सकाळ.

खंडू भला माणूस. म्हणाला, सकाळची भरती गेली, आता संध्याकाळची मिळेल, दुपारी तीनपर्यंत पोचा, होडी चिखलातून उठली की निघू. पण गाडी? मागच्या गल्लीत ज्योतीराम राहतो, त्याची शाळेची व्हॅन. सुट्ट्यांमुळे उभीच होती. तो दात घासत बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं, चूळ भरली आणि म्हणाला, समुद्र मीही नाही पाहिलेला, चला.

व्हॅनमधली बाकं पहिलीच्या मुलांची. आमचे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. गणराजला घडी घालून बसवला. ताम्हिणी घाटात एका ट्रॅफिक हवालदाराने आत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, कितवीत. मुलं माणगावपर्यंत हसत होती.

तोच. दुपारनंतर. बोटीतून.

निघालो. खंडू आमिष घेऊन आला आहे. वारा उत्तम. किल्ला मागे पडला. लाटा किरकोळ आहेत. सर्वांना सूचना दिल्या. मी अगदी ठणठणी

८ मे, शुक्रवार. रजा. घरी.

जमीन अजून हलते आहे. भिंतीला टेकून लिहितोय. जे झालं ते क्रमाने नोंदवतो, म्हणजे पुढेमागे विपर्यास होणार नाही.

खाडी ओलांडेपर्यंत मी उत्तम होतो. उभा राहून मुलांना क्षितिज समजावत होतो. मग खुल्या पाण्यात आलो, खंडूने इंजिन बंद करून नांगर टाकला, आणि बोट जागच्या जागी असं काही करायला लागली की ज्याचं वर्णन प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं. खाली, वर, आणि मग एक तिरकी. मी बसलो. मग पडलो. मग काठावर मान टाकली. पुढचं तपशीलवार लिहीत नाही. आदल्या दिवशीचं कालवण शेवटी आमिष म्हणूनच समुद्रात गेलं.

बाकी कुणालाही काही झालं नाही. हे मला अजून कळत नाही. मागे नुसता दंगा चालला होता. दोरी ओढली गेली, किंकाळ्या, पाय आपटणं, बोट अजून हलवणं. गणराजने शेंगाळा काढला आणि त्याला हातात धरून विचारलं, हा कच्चा खातात का. रश्मीला दोन ढोमे मिळाले. समर्थने फेक केली आणि माझी टोपी पकडली, नंतर तीच दुसऱ्यांदा पकडली. धम्मरत्न, सावध धम्मरत्न, बोटीच्या टोकावर बसून गाणं म्हणत होता. रुपाली खंडूला चटणीची रेसिपी सांगत होती. ज्योतीराम नुसता पाण्याकडे बघत बसला होता आणि मध्येच म्हणायचा, बाबो. आणि दिव्याच्या गळाला तांबोशी लागली. लालभडक. मी मान वळवून पाहिली. सूर्य उतरला होता, तिचे केस विस्कटलेले, दोन्ही हातांत तो मासा. तेवढं मी पाहिलं. मग परत काठावर.

ती मासा ठेवून माझ्याकडे आली. शेजारी बसली. मी पुढे जाऊ नये म्हणून माझी कॉलर धरून ठेवली. पाठीवरून हात फिरवत राहिली, मी तिच्या लहानपणी फिरवायचो तसा. मग म्हणाली, पप्पा, आता ऐकाल का.

मी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो.

ती म्हणाली, मला डॉक्टर नाही व्हायचं. लातूरला नाही जायचं. मला इथेच निगडीला कॉमर्स घ्यायचंय, रश्मीबरोबर. मी खूप दिवस सांगायचा प्रयत्न करतेय. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, तुम्ही इतके खूश होता, म्हणून मला जमलं नाही. पण पप्पा, तुम्हाला आत्ता जसं होतंय ना, तस्संच मला बायोलॉजीच्या तासाला होतं. रोज होतं.

एरवी मला कुणाचं काहीच पटलं नसतं. पण त्या क्षणी, त्या अवस्थेत, मला ते इतकं स्वच्छ कळलं की बस. हे असं, रोज, दोन वर्षं. शत्रूलाही नको. आपल्या पोरीला कसं द्यायचं.

मी म्हणालो, बरं.

ती म्हणाली, नक्की? मी मान हलवली. ती मान लाटेने हलली की मी हलवली हा पुढे वादाचा मुद्दा होऊ शकतो. पण मागचा दंगा एकदम थांबला होता, आणि मग टाळ्या वाजल्या. रुपाली म्हणाली, सगळ्यांनी ऐकलंय. खंडू म्हणाला, मीही ऐकलंय.

परत येताना तिने कॉलर सोडली नाही. जेट्टीवर उतरलो तरी धरूनच होती.

१० मे, रविवार.

तब्येत पूर्ववत. जमीन स्थिर. विचारही.

शांतपणे विचार करता, समुद्रावर दिलेला शब्द जमिनीवर लागू होतो का हे तपासायला हवं. कंपनीत सगळ्यांना डॉक्टर सांगून बसलोय. सकाळी चहाच्या वेळी दिव्या आणि रुपालीसमोर मुद्दा मांडला की आजारी माणसाची संमती ग्राह्य नसते.

दिव्याने मोबाइल दाखवला. समर्थने व्हिडिओ काढलाय. त्यात माझं 'बरं' अगदी स्पष्ट ऐकू येतं. त्याआधीचंही बरंच काही स्पष्ट ऐकू येतं. ती म्हणाली, 'काका डुबणार' ग्रुपवर अजून टाकलेला नाही.

मुद्दा मागे घेतला. दबावाखाली नाही. विचारांती.

तिने त्यानंतर मला चहा करून दिला. समोर बसली. कॉमर्स म्हणजे काय काय असतं ते सांगितलं. मी मध्ये फक्त दोनदा बोललो. रुपालीच्या मते सहादा.

११ मे, सोमवार.

कंपनीत जाहीर केलं की सखोल अभ्यासानंतर मी मुलीसाठी कॉमर्स निवडलं आहे. सीए वगैरे. मॅनेजर म्हणाला, आणि तो रिव्हर्स गिअर? मी म्हणालो, गिअर बदलला. सगळे हसले. अखेर.

आता एकच अवघड काम राहिलं. अण्णांना सांगणं. त्यांनी बिचाऱ्यांनी खोली रंगवली. माणूस तोलामोलाचा, शब्दाचा पक्का, आणि मी शब्द मोडणार. उद्या करतो फोन.

१२ मे, मंगळवार.

उद्या करतो.

१४ मे, गुरुवार. सुट्टी. सकाळ.

केला. आधी आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं. अण्णा, मन घट्ट करा, अशी सुरुवात ठरवली.

सुरुवात केली. अण्णा म्हणाले, कोन मेलं?

मी म्हणालो, कुणी नाही, दिव्या लातूरला येणार नाही. मोठा श्वास घेऊन थांबलो. अण्णा म्हणाले, बरं, मग? ते म्हाईत हाय की. पेपर संपला त्याच दिशी पोरीनं फोन केलता. रडायली होती. मी म्हनलं, न्हाई यायचं तर नको येऊ, तुझ्या बापाला मी सांगतो.

मी म्हणालो, मग सांगितलं का नाहीत.

म्हणाले, कवा सांगू? तू फोन केलास की माशाचंच बोलायलास. मी आपला ऐकायलोय.

खोलीचं विचारलं. खोलीत एप्रिलपासून दोन मुलं भाड्याने राहतात, औशाची. रंग त्यांच्यासाठी काढला होता. मुलं चांगली आहेत म्हणाले, बायोलॉजीत हुशार.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. रुपालीला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. म्हणाली, पहिल्यापासून. धम्मरत्नला? रश्मीने घरी सांगितलं तेव्हापासून. मुलांना? मुलांना तर सर्वात आधी. कुसुमताईंनी साडीच्या दिवशी मला जे काही सुनावलं त्यातलं अर्धं, म्हणे, दिव्याबद्दलच होतं. ज्योतीरामला ताम्हिणीत कळलं.

म्हणजे पाच एप्रिलपासून मी ज्या निरोपाची तयारी करत होतो, तो निरोपच नव्हता. कुणीही कुठेही जाणार नव्हतं. सगळी मंडळी माझ्याबरोबर समुद्रात आली ती फक्त एवढ्यासाठी की, कुठेतरी एका जागी मी गप्प बसेन.

दिव्या बाहेर गेली आहे, रश्मीबरोबर, कॉलेजचा फॉर्म आणायला. जाताना विचारलं तिने, पप्पा, रागावलात का. मी म्हणालो, छे, मला सुरुवातीपासूनच अंदाज होता.

होताच. फक्त वहीत लिहायचं राहून गेलं.